बाबांचा जबडा

बाबा जेवायला बसले की त्यांचा जबडा टकटक वाजायचा आणि माझं डोकं फिरायचं. त्यात ते वरण-भातावरसुद्धा मूठभर सेव घेणार. आमच्या उज्जैनच्या मराठी घरांत हे चालतंच, पुण्याचे पाहुणे मात्र बघत राहतात. "बाबा, जरा आवाज न करता खा ना," हे मी रोज म्हणायची.

गेल्या वर्षी जबडा फारच दुखायला लागला, म्हणून मी त्यांना फ्रीगंजला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानापुढे बोट ठेवून त्यांना तोंड उघड-मीट करायला लावलं. तिथल्या सांध्यात एक छोटीशी गादी असते, ती सरकते म्हणून टकटक होते, असं कळलं. "कडक कुछ नहीं चबाना, बाबूजी. सेव बिलकुल बंद."

बाबांनी घरी सेव वरणात भिजवून पाहिली. "हा तर लगदा झाला," म्हणाले आणि ताट सरकवलं. मग ते नुसता मऊ भात गिळायला लागले. टकटक थांबली. मला बरं वाटायला हवं होतं, पण ती शांतता मला खायला उठायची.

एका संध्याकाळी त्यांनी सेवचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"तू खा."

"आणि तुम्ही?"

"तू जोरात चाव. मी ऐकतो."

मी तोंड उघडं ठेवून कुरुमकुरुम चावायला लागले. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा रिकामा जबडा माझ्याबरोबर हलायला लागला, आणि टकटक ऐकू आली.