एक टक् की टकटक?

माझ्या धाकट्या दिरांना सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. नाव पडलं ते गाड्यांमुळे. बंद पडलेली गाडी नुसती ऐकून तिचं काय दुखतंय ते भाऊजी सांगायचे, अगदी फोनवरसुद्धा. फक्त मालकाने गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. एकदा बँकेचे साहेब भर रस्त्यात उभे राहून फोनमध्ये घुर्र घुर्र करत होते आणि इकडून भाऊजी म्हणत होते, "साहेब, जरा मोठ्याने. लाजू नका. नुसतंच घुर्र घुर्र, की शेवटी फुस्स पण?"

साहेब म्हणाले, "फुस्स पण."

"मग आधी पेट्रोलचा काटा बघा."

काटा तळाला टेकला होता. साहेबांनी ही गोष्ट स्वतःच चारचौघांत सांगितली, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

चावी फिरवल्यावर गाडी जे बोलते, त्याचा अर्थ भाऊजींनी मलाही शिकवला होता. घाईघाईने टकटकटकटक केलं तर बॅटरीत जीव नाही. एकच टक् करून गप्प बसली तर स्टार्टर रुसला. स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. आणि काहीच बोलली नाही तर कुठेतरी वायर सुटली. मला हे शिकून काय करायचं होतं? पण त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आहे. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते मी. आमचे हे सकाळी कामावर जातात, मग दिवसभर शेडमध्ये मी आणि भाऊजी. त्यांनी लग्न केलं नाही. तरुणपणी एका मुलीला भेटायला गेले होते म्हणे, तर दिवसभर तिच्या वडिलांच्या गाडीखाली पडून राहिले. संध्याकाळी गाडी सुरू झाली, पण मुलगी केव्हाच आत निघून गेली होती. मी चिडवते, "भाऊजी, ती गाडी तरी मागून घ्यायची होती." ते म्हणतात, "वहिनी, गाडीही विशेष नव्हती."

माझ्या मशीनचं चाक किरकिरू लागलं की तिसऱ्या टाक्याला भाऊजी तेलाची कुपी घेऊन हजर व्हायचे. तो आवाज त्यांच्या दातांत शिरायचा. गेल्या वर्षी चाक किरकिरलं आणि ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मीच तेल घातलं, आणि घालताना लक्षात आलं. त्यांना ऐकू येत नव्हतं.

विचारलं नाही मी. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात दुसरी कुठली कला नाही आणि नाव कानसेन. काय विचारणार? सकाळी देवासमोर उभी राहिले की त्यांच्या कानांसाठी मागायचे. आणि शेडमध्ये आल्यावर लबाडी करायचे. गाडीने आवाज केला की वैतागल्यासारखं मोठ्याने म्हणायचं, "अगं बाई, किती ती टकटक! डोकं उठलं." भाऊजी माझ्याकडे न बघता बॅटरीकडे वळायचे. "एकदाच टक् करून गप्प, नखरे बघा हिचे!" म्हटलं की स्टार्टरकडे. असं वर्षभर चाललं. देवाच्या समोर मागायचं एक आणि दिवसभर करायचं भलतंच, हे मनाला टोचायचं. तरी चालू ठेवलं.

मग नर्सबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, हे त्यांचं काम. त्यांची छोटी गाडी सुरू होत नव्हती, शेजाऱ्यांनी ढकलत शेडमध्ये आणून लावली. मी तेव्हा जाड शिवणीवर होते, मशीन धडधडत होतं. बाईंनी चावी फिरवली आणि भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. मशीन थांबवून "परत फिरवा" म्हणायला किती वेळ लागतो? पण सवयीने तोंडातून निघून गेलं, "काय मेली टकटक!"

भाऊजींनी बॅटरीची टोकं घासली, दोन तास चार्जिंगला लावली. चावी फिरवली, गाडी सुरू झाली. नर्सबाई आभार मानून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका टेम्पोने ओढत त्यांची गाडी परत आणली. बाई उतरल्या त्याच आवाज चढवून.

"मिस्त्री, आडरस्त्याला बंद पडली. ढकलायला चिटपाखरू नव्हतं. तिकडे एक आजोबा पाठीची जखम उघडी टाकून चार तास माझी वाट बघत पालथे पडले होते. म्हणे कानसेन! कान काय गहाण टाकलेत?"

मी मशीनवरून उठले. "बाई, चूक त्यांची नाही..."

"वहिनी, बसा तुम्ही." भाऊजी फडक्याला हात पुसत पुढे आले. "नर्सबाई, मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मोठ्याने बोललेलं कळतं, पण टक् काय नि टकटक काय, मला दोन्ही सारखीच. वहिनी आवाज सांगतात, मी पाना फिरवतो."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हणाले, "पण काल मी न ऐकताच बोलले, भाऊजी."

"माहितीये मला. मशीनची सुई वरखाली होत होती. ती दिसते ना मला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं." त्यांनी फडकं घडी करून बाकावर ठेवलं. ते कधी फडक्याची घडी करत नाहीत. "उद्यापासून शेड बंद. माझ्यापायी कुणाचे आजोबा असे पडून राहायला नकोत."

नर्सबाईंचा राग कुठल्या कुठे गेला, पण बोलल्या त्याच सुरात. "उद्याचं उद्या बघा. आज माझ्या तीन पट्ट्या राहिल्यात. ही कोण सुरू करणार?"

 भाऊजींनी गाडी ढकलून तिचं तोंड भिंतीकडे केलं. "दिवे लावा. आता चावी फिरवा. वहिनी, मशीन सोडून इकडे या. एक टक् की टकटक?"

त्यांनी हे असं उघड विचारलं, परक्या माणसासमोर, पहिल्यांदा.

"एकच," मी म्हणाले.

"आणि भिंतीवरचा उजेड जराही मंद झाला नाही. बॅटरीत जीव नसता तर चावी फिरवताच दिव्यांनी मान टाकली असती." मग दोन वायरींचा छोटा बल्ब घेऊन ते गाडीखाली शिरले. चावी फिरवली की बल्ब लागत होता. म्हणजे वीज स्टार्टरच्या दारापर्यंत येत होती, आतला मात्र उठत नव्हता. त्यांनी पान्याच्या दांड्याने स्टार्टरला दोन टोले दिले, आणि गाडी घर्रकन सुरू झाली.

"झालं?" नर्सबाई म्हणाल्या.

"छे, हे तर डुलकी लागलेल्याला ढोसलंय. काल आपोआप उठला, मला वाटलं बॅटरीने उठवला. पुन्हा झोपेल."

स्टार्टर उतरवून उघडला. आत मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे उरले होते. त्यामुळे कधी टेकत, कधी नाही. भाऊजी नवीन ठोकळे बसवायला बसले तशा नर्सबाई हळूच त्यांच्या मागे गेल्या आणि दोन पाने एकमेकांवर आपटू लागल्या. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"मिस्त्री, एक टक् की टकटक?"

भाऊजी मागे वळून हसले. "डावीकडे काहीच नाही. वायर सुटली असावी."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे बॅटरी कमी आहे."

संध्याकाळच्या आत नर्सबाईंच्या तिन्ही पट्ट्या झाल्या. जाताना त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून देऊन गेल्या. डॉक्टरांनी उजव्या कानात यंत्र बसवलं. भाऊजींनी ते आठवडाभर लावलं आणि खणात ठेवून दिलं. "हे सगळंच ऐकतं, वहिनी. टेम्पो ऐकतं, कुत्रं ऐकतं. मला नुसती गाडी ऐकायचीय." आता ते फक्त जेवताना लावतात, आमच्या ह्यांच्याशी वाद घालायला.

शेड बंद झाली नाही. गिऱ्हाईक आलं की भाऊजी आधीच सांगून टाकतात, "मला ऐकू येत नाही, आमच्या वहिनी ऐकतात." एकदोघे उठून गेले. बाकीचे थांबले. भाऊजी भिंतीवरचा उजेड बघतात, बल्ब लावून बघतात आणि मग मोठ्याने मला विचारतात. मी मशीन थांबवते, हातातलं काम ठेवते, गाडीजवळ जाऊन उभी राहते. खात्री नसेल तर "परत फिरवा" म्हणते. देवासमोर मी अजूनही रोज उभी राहते. हल्ली मागते ते माझं लक्ष ठिकाणावर राहू दे, एवढंच.

फोनही आता माझ्याकडेच असतो. परवा बँकेच्या साहेबांचा आला. बाईमाणसाचा आवाज ऐकून बिचारे गडबडले, म्हणाले, "नाही, म्हणजे... कानसेनांना द्याल का?"

मी म्हटलं, "मीच ऐकते. करा सुरू, साहेब. जरा मोठ्याने."