वाढलेल्या गोळ्या

हुडकेश्वरच्या आमच्या ओळीत प्रशिक गजभियेचं मेडिकल आहे आणि त्याला चिकटून माझी आटाचक्की. मधली भिंत एकेरी विटेची. माझं पीठ त्याच्या काचेवर बसतं आणि त्याच्या गिऱ्हाइकांची दुखणी माझ्या कानावर पडतात. मला ऐकायची हौस नाही, पण चक्की बंद असली की कान कुठे ठेवायचे?

प्रशिक चाळिशीचा, अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. आमच्या भागात रिटायर माणसं फार, त्यामुळे त्याच्या दुकानात एकदाच येणाऱ्यापेक्षा दर महिन्याला त्याच गोळ्या नेणारेच जास्त. त्यांचा फोन किंवा मेसेज येतो, ‘नेहमीच्या पाठवा’. हा डॉक्टरची चिठ्ठी काढून बघतो, गोळ्या कागदी पिशवीत भरतो, वर नाव लिहितो आणि संध्याकाळी स्वतःच स्कूटीवर पोचवून येतो. चिठ्ठी जुनी झाली असेल तर सख्ख्या मामालाही देत नाही. “आधी डॉक्टरले दाखवा, नवी चिठ्ठी आणा, मग पाहू,” म्हणतो. फोनमध्ये त्याने सगळ्यांची नावं दुखण्यासकट ठेवली आहेत. मास्तर थायरॉइड. देशमुख शुगर. मी एकदा चिडवलं, “मले कोणत्या नावानं ठेवलं रे?” तर लाजून म्हणाला, “भावनाताई गुडघा.”

त्यातलंच एक नाव होतं गोपाळकाका झडप. गोपाळराव कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती आणि तिच्यापायी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची लागली होती. ती चुकवायची नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. उभा जन्म मशिनींच्या आवाजात गेला, त्यामुळे माणूस फोनवरसुद्धा ओरडूनच बोलायचा. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, “प्रशिक, पातळवाली संपली गा!” मग मी इकडून ओरडायची, “दे त्याईले लवकर, नाही तर हुडकेश्वर बहिरं होईन!”

गेल्या वर्षी गोपाळरावांना ताप आला आणि ते अंथरुणाला खिळले. त्या महिन्यात फोन त्यांच्या बायकोने, कौसल्याकाकूंनी केला. गोळ्यांसाठी त्यांनी केलेला तो पहिलाच फोन. पुढे आठवडाभराने एका सकाळी गोपाळरावांचं तोंड वाकडं झालं, एक बाजू गेली. दवाखान्यात नेलं, पण परत आणलं ते झाकूनच. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ मेंदूत गेली, गोळी बंद होती का? घरी पाहिलं तर बीपीची, शुगरची पाकिटं भरलेली आणि पातळवाल्या गोळीचं पाकीट रिकामं.

काकू म्हणत राहिल्या, “मी फोन केला होता.” त्यांचा साधा बटणांचा फोन. त्यात शेवटचे थोडे कॉल राहतात, आणि मयतीच्या घरी फोन काय कमी येतात? मुलगा विक्की तेराव्यानंतर मेडिकलमध्ये आला. भिंतीपलीकडे मी होतेच.

“प्रशिकभाऊ, आईनं पातळवाल्या गोळ्या मागवल्या होत्या का?”

“नाही दादा,” प्रशिक म्हणाला. “मागवल्याच नाहीत.”

तो खोटं बोलत नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्याला तसंच वाटत होतं, आणि विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

विक्की मुलगा वाईट नाही. पण त्या दिवसापासून घरात ठरून गेलं की आई विसरते. दूध उतू गेलं, विसरली. चष्मा सापडेना, विसरली. गॅसला हात लावायचा नाही, एकटीने फाटकाबाहेर जायचं नाही. शेवटी डॉक्टरकडे नेलं. त्याने वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात काढत चला म्हणाला. नुकतंच कुंकू गेलेल्या बाईला तारीख विचारता होय? मला तर नवरा जिवंत असूनही तारीख ठाऊक नसते. काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. डॉक्टरने स्मरणशक्तीची गोळी सुरू केली, रोज एक, दर महिन्याला तीच. ती कुठून येणार? प्रशिककडूनच.

आणि विक्की ती मागवायचा बापाच्या फोनवरून. तो नंबर जुना, दुकानाला माहीत असलेला, म्हणून चालू ठेवला होता. महिना भरत आला की प्रशिकच्या काउंटरवरचा फोन उजळायचा. गोपाळकाका झडप. वर टोपी घातलेला, हसरा फोटो आणि खाली मेसेज, ‘नेहमीच्या पाठवा.’

सुरुवातीला प्रशिक ते पाहून नुसता जरा दचकायचा. खरं काय ते माझ्या चक्कीवर कळलं.

दुपारची वेळ होती, प्रशिक चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडे येऊन बसला होता. इतक्यात मागच्या गल्लीतल्या सिंधूताई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन आल्या. “भावना, पीठ वाढलं वं घरातलं. आत्ताच दळून दे.”

प्रशिक हसून म्हणाला, “वाढलं तर मग काहून दळून राहिल्या, आजी?”

“अरे बाबू, संपलं म्हणू नाही,” सिंधूताई म्हणाल्या. “घरातली बरकत जाते. संपलं की वाढलं म्हणायचं.”

मी पण खिदळले. म्हटलं, “फार्मसी शिकला अन् एवढं माहीत नाही? आमच्या घरी पीठ, मीठ, तेल काही संपतच नाही. सगळं वाढते!”

त्याच्या हातातला चहा पँटवर सांडला तरी त्याला कळलं नाही. “गोळ्याईलेही तसंच म्हणतात का?” त्याने विचारलं.

“घरातलं जे सरलं, त्याले,” सिंधूताई म्हणाल्या.

त्याच्या घरी हे नव्हतं. छप्पन साली त्याच्या आजीने दीक्षाभूमीवर धम्म घेतला आणि घरी येऊन असले सगळे संकेत गुंडाळून ठेवले. साखर संपली तर संपली म्हणायचं, शब्दाला भ्यायचं नाही, हे तिने नातवंडांना बजावून शिकवलं होतं. आजीची ही गोष्ट प्रशिक अभिमानाने सांगायचा. गोपाळराव सरळ संपली म्हणायचे, पण काकूंचं माहेर-सासर दोन्ही खेड्यातलं, कुणब्यांचं. त्या मरेपर्यंत घरातल्या वस्तूला संपली म्हणणार नाहीत, मग नवऱ्याच्या जिवाच्या गोळीला कशा म्हणतील?

सिंधूताई गेल्यावर त्याने मला सांगितलं. काकूंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या होत्या, “प्रशिक, ह्यांच्या पातळवाल्या गोळ्या वाढल्या गा.” त्या गोळीचं प्रमाण रक्त तपासून कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे पूर्वीही कधीकधी गोळ्या उरलेल्या. त्याला वाटलं, यंदाही उरल्या. म्हणाला, “बरं काकू, पाहतो.” आणि त्या महिन्याच्या पिशवीतून ती गोळी काढून ठेवली. काकूंना वाटलं, पाहतो म्हणाला म्हणजे पाठवतो. पिशवीत ती नव्हती, तरी मागून येईल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या.

“ताई, त्याईनं फोन केला होता,” तो म्हणाला. “अन् मी विक्कीले नाही म्हणून सांगितलं.”

मी लगेच म्हटलं, जा आणि सांग. तो गेला नाही. मला त्याचा राग आला, आणि दुकानाला कुलूप लागेल हे त्याचं भ्यायचं कारणही समजत होतं. पण त्या दिवसापासून त्याचं दुकान मला बघवेना. काकांच्या नंबरवरून फोन वाजला की तो हात मागे घ्यायचा, मग उचलून हळूच म्हणायचा, “हो काका.” पलीकडून विक्की बोलायचा. एकदा मी त्याच्या काउंटरवर नुकतीच बांधलेली पिशवी पाहिली. आत काकूंची गोळी आणि वर स्वच्छ अक्षरात गोपाळराव. मी ती त्याच्या देखत फाडली. तो म्हणाला, “दुपारी शांत झालं की भिंतीतून आवाज येते ताई, संपली गा म्हणून.” मी त्याला वेड्यात काढलं. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी दुपारी चक्की बंद ठेवेनाशी झाले. दळण नसलं तरी चक्की रिकामीच फिरवायची. मला भीती वाटत होती.

त्याला हलवलं ते काकूंनीच. विक्कीबरोबर त्या एकदा दुकानात आल्या. प्रशिकने कशा आहात विचारलं, तर त्यांनी आधी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. आपण कशा आहोत हे सांगायलाही बाईला मुलाची परवानगी लागत होती. त्या गेल्यावर मी त्याला म्हटलं, “ती बाई शहाणी आहे हे जगात एकट्या तुले माहीत आहे. अजून किती दिवस दाबून ठेवशीन?”

रविवारी आम्ही दोघं गेलो. काकू ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विळी नको, गॅस नको, म्हणून तेवढं काम त्यांना ठेवलं होतं. प्रशिक खाली जमिनीवरच बसला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं. फोन आला होता, हा शब्द होता, मी असा ऐकला, चूक माझी.

विक्की दारातून पुढे आला. “तुह्यावर केस करू का माह्यावर करू?” तो म्हणाला. “ती रडून रडून सांगत होती, फोन केला म्हणून. अन् मी तिले डॉक्टरकडे नेलं!” तो आईपाशी गेला. “आई, ऐकलं ना? तू विसरली नव्हती.”

काकूंचे हात शेंगांवर चालूच होते. त्यांनी प्रशिककडे फार मायेने पाहिलं. “लेकरा, माह्या समाधानासाठी कायले खोटं बोलतं?”

“काकू, आईची शपथ. तुमी फोन केला होता.”

“मलेही तसंच वाटत होतं गा,” त्या म्हणाल्या. “तेच तर माहं दुखणं आहे. डॉक्टर म्हणे, न झालेलं झालं असं वाटते. आता गोळीनं बरं आहे. आता नाही वाटत तसं.”

विक्की ओक्साबोक्शी रडायला लागला. त्यांनी त्यालाच जवळ घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ रडारड पाहिली आहे, पण त्या ओसरीत मला उभं राहवलं नाही.

विक्कीने केस केली नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो आईला घेऊन डॉक्टरकडे गेला, सगळं सांगितलं, नव्याने तपासण्या झाल्या. डॉक्टरने गोळी बंद केली. गॅस, किल्ल्या, फाटक सगळं काकूंना परत मिळालं. प्रशिक आता फोनवर प्रत्येकाला दोनदा विचारतो, घरात किती गोळ्या आहेत, पाकीट हातात घेऊन सांगा. लोक वैतागतात. वैतागू देत.

परवा दुपारी काकू एकट्याच दुकानात आल्या. मी दळण थांबवून दारात गेले. त्या काउंटरला धरून उभ्या होत्या आणि प्रशिक मान हलवत होता.

“चिठ्ठी नाही काकू. डॉक्टरनं बंद केली. तुमाले ती गोळी लागतच नाही.”

“त्याईले नाही समजत,” काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. “विक्कीले सांगू नको. चोरून दे. मी विसरली की माणूस मरते गा, अन् आता घरात विक्कीच राहिला.”