गोलकीपरच्या स्केटची धार

इथे अमेरिकेत, अर्विंगच्या आमच्या घरी सुरीला धार लावायची वेळ आली की मी आधी बायकोला विचारतो, "किती लावू?" ती वैतागते. "अरे, धार ती धार! किती काय?" पण मला विचारावंच लागतं. न विचारता धार लावली की काय होतं, ते मी मिनेसोटात भोगलं आहे.

मास्टर्सला असताना मी कॉलेजच्या आइस हॉकी टीमच्या इक्विपमेंट रूममध्ये पार्टटाइम काम करायचो. मी नागपूरचा. बर्फ ही उसाच्या रसात घालायची वस्तू, एवढीच माझी समज. मेकॅनिकल इंजिनिअर आहे म्हणालो, तेवढ्यावर काम मिळालं. खोलीचे प्रमुख साठीचे गोरे गृहस्थ होते. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायचो. स्केटला धार लावायला त्यांनीच शिकवलं.

स्केटच्या पात्याला दोन कडा असतात आणि मधे बारीक पन्हळ. पन्हळ खोल केली की कडा बर्फात रुततात, उथळ ठेवली की पाय घसरतो. कोणाला किती खोल, ते काकांच्या वहीत लिहिलेलं असे. स्केट हातात दिले की प्रत्येक खेळाडू अंगठ्याचं नख कडेवर घासून बघायचा, मान डोलवायचा आणि मगच जायचा. ती मान डोलली की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

काय दिवस होते ते! दर शुक्रवार-शनिवार मॅच, बँडचा दणदणाट, आणि ओल्या ग्लव्हजचा तो भयंकर वास. माझा पुण्याचा रूममेट दारातच अडवायचा, "यार, तू आधी लॉन्ड्री कर, मग आत ये!" तो वास आज कुठे आला तर माझे डोळे भरून येतील, खोटं नाही सांगत.

टीममध्ये मला सगळ्यात आवडायचा तो गोलकीपर. त्याचं चौथं, शेवटचं वर्ष. मोजकं बोलायचा. वॉर्म-अप झाला की स्केट काढून दहा मिनिटं नुसत्या मोज्यांवर बसून राहायची त्याची सवय होती. त्याच्या स्केटबद्दल काकांनी मला एकच सांगून ठेवलं होतं, "तो स्वतः घेऊन आला तरच हात लाव." का, ते मी विचारलं नाही. इंजिनिअर ना!

सीझनच्या सुरुवातीला आम्ही ओळीनं हरलो. जानेवारीत गाडी रुळावर आली, आणि सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. जिंकलो तर प्लेऑफ. हरलो तर सीझन खलास, आणि गोलकीपरचं कॉलेजमधलं खेळणंही. नेमकं त्याच दिवशी काकांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. खोलीत मी एकटा राजा.

वॉर्म-अप झाला. गोलकीपरचे स्केट माझ्या टेबलाशेजारच्या फळीवर होते. मी सहज नख फिरवलं. बोथट! एवढी मोठी मॅच आणि काका याचेच स्केट विसरले? पाच मिनिटांत मी त्या स्केटना बाकीच्यांसारखी कडक धार लावली आणि गुपचूप जागेवर ठेवले. टीमची अब्रू वाचवली, असंच मला वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही.

गोलकीपरला घसरायचंच असतं. गोलसमोर या खांबापासून त्या खांबापर्यंत त्याला पाय सरकवत जावं लागतं. त्या दिवशी त्याचा पाय सरकेना. एकदा रुतला, तो आडवा झाला, गोल. पुन्हा रुतला, पुन्हा गोल. दुसऱ्या वेळी मला कळलं, हा माझ्या धारेचा प्रताप.

मध्यंतरात त्यानं स्केट माझ्या टेबलावर ठेवले. "हे कोणी केलं?"

"मी. मला वाटलं..."

"कमी कर," एवढंच तो म्हणाला.

दगड घासून घासून मी कडा बोथट केल्या. नंतर त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. आम्ही दोन-एकनं हरलो.

मॅचनंतर कोचनं सगळ्यांसमोर त्याला त्या दोन गोलांबद्दल विचारलं. मी टॉवेलांची चळत घेऊन दारात उभा होतो. "मी स्लो पडलो, कोच. सॉरी," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी पुढे होऊन खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आठवड्यानं सगळे सामान परत करायला आले. तो सगळ्यांच्या शेवटी आला. त्यानं स्केट टेबलावर ठेवले.

"घराजवळचं तळं अजून गोठलेलं आहे. डॅडबरोबर खेळायचंय. धार लावून देतोस?"

"किती?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"आधी होती तेवढी."

मी काकांची वही उघडली, त्यात बघून धार लावली, स्वतःच्या नखावर तीनदा तपासली आणि स्केट त्याच्या हातात दिले. मग त्याच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो.

त्यानं नख लावलंच नाही. स्केट सरळ बॅगेत टाकले, चेन ओढली, थँक्स म्हणाला आणि गेला.