धाकटीच्या हॉलमधला बाबांचा टीपॉय

आमच्या घरात वस्तू मागायची पद्धत नाही. आधी "नको" म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा आणि दोन-तीनदा "अगं घे गं" झालं की नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. डोंबिवलीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आईने आम्हा दोघी बहिणींना विचारलं, "बाबांचा टीपॉय कोणाला हवाय?" मी थोरली. रीतीप्रमाणे म्हणाले, "मला नको गं, मी काय करू?" आणि आग्रहाची वाट बघत चहाचा घोट घेतला. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मग मी नेते." संध्याकाळी टेम्पो आलासुद्धा.

टीपॉय साधासुधा नव्हता. फोर्टातल्या एका परदेशी कंपनीचं ऑफिस बंद होत होतं, तिथून बाबांनी तो आणलेला. सागवानी, कुठे नक्षी म्हणून नाही, निमुळते तिरके पाय आणि खाली पेपर ठेवायला पट्ट्यांची फळी. शेजाऱ्यांना तो अर्धवट बनवून सोडल्यासारखा वाटायचा. त्यावर बशीशिवाय कप ठेवला की बाबा चिडायचे. दहावीचा अभ्यास मी त्याच्यापाशी जमिनीवर बसून केला आणि कर्कटकाचं टोक टोचून टोचून एका कोपऱ्याची चाळणी केली. धाकटी पलंगावर लोळत वाचायची. आता मात्र ठाण्याच्या टॉवरमध्ये आलेल्या प्रत्येकाला ती तो कोपरा दाखवते आणि सांगते, "आम्ही यावर अभ्यास करायचो." ते "आम्ही" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी जळते तिच्यावर. तिचा ऐसपैस हॉल, तिची गाडी, कशाचं काही वाटत नाही. टीपॉयचं वाटतं.

मागच्या महिन्यात आईला घेऊन तिच्याकडे गेले होते. बिल्डिंग पाडल्यापासून आई माझ्याकडे, ठाकुर्लीला असते. त्या दिवशी जुनं फर्निचर जमवणारे एक गृहस्थ टीपॉय बघायला आलेले. गुडघे टेकून त्यांनी खालून मोबाइलचा टॉर्च मारला, सांध्यांवर बोट फिरवलं. "पॉलिशसुद्धा मूळचं आहे. असे आता मिळत नाहीत. विकणार का?" मी मनात म्हटलं, वीक बाई, म्हणजे मला चार नातेवाइकांत तुझ्या नावाने खडे फोडता येतील. पण ती म्हणाली, "बाबांची आठवण आहे, नाही विकणार." तेवढंही सुख तिने मला दिलं नाही.

ते गेल्यावर मला राहवेना. "खरं तर तो मलाच हवा होता," मी म्हणाले.

धाकटी खरोखरच गोंधळली. "अगं ताई, मग बोलायचंस ना तेव्हा."

आई टीपॉयवरून हात फिरवत होती. "इथेच बरा आहे तो," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या हॉलमध्ये कुठे ठेवला असतास? तिथे माझी कॉट आहे."

मग धाकटी म्हणाली, "आई, तू इथेच ये ना राहायला. आतली खोली रिकामीच..."

"आई कुठेही जाणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका चढला की आई दचकली. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "अगं, मी कुठे जातेय?"