डोंगरापलीकडची ताई

अख्खी मुंबई उलटी बांधली गेली आहे, आणि सुलट बांधली असती तर ती कशी दिसली असती हे ठाऊक असलेला पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस म्हणजे माझ्या बायकोचा मामा. राहायला बोरीवलीत. त्याचं म्हणणं एवढंच, की साहेबाने पहिली आगगाडी बोरीबंदरहून सोडली तिथेच वाट लागली. ती बोरीवलीहून सुटून, डोंगराच्या पोटातून, थेट मुलुंडला निघायला हवी होती! मग शहर आडवं वाढलं असतं. गोराईला बंदर, मुलुंडला बाजारपेठ, घाटकोपर थंड हवेचं ठिकाण, वाकोल्यात भाताची शेतं आणि कुलाब्याला फक्त सुकत घातलेले बोंबील! हे सांगताना मामा बसूच शकत नाही. हातवाऱ्यांत समोरच्याचा चहा सांडतो, आणि मग त्याच सांडलेल्या चहात बोट फिरवून खाडी दाखवतो.

मी मूळचा गिरगावातला, त्यामुळे लग्नाच्या बैठकीत आमची मंडळी जरा ताठ बसली होती. मामाने पत्ता विचारला, हळहळला आणि म्हणाला, "म्हणजे लांबच्या उपनगरातले. असू दे, मुलगा शिकलेला आहे ना? आम्ही घेऊ सांभाळून." माझ्या वडिलांना पोह्यांचा ठसका लागला. पंगतीत तर त्याने भाताचा डोंगर रचून बोटाने आरपार बोगदा पाडला, बोरीवलीकडून वरण ओतलं, आणि ते मुलुंडकडून बाहेर पडताच "झकास!" म्हणून असा ओरडला की वाढपी दचकला.

लोक हसतात. मीही हसतो. पण मुलुंडला माझ्या सासूबाई राहतात, मामाची एकुलती एक बहीण. मध्ये फक्त डोंगर, आणि जायचं मात्र दादरला वळसा घालून. सासूबाईंचे गुडघे गेले, मामालाही दम लागू लागला. भाऊबीज सोडली तर भेट नाही. एकाच खोलीत वाढलेली ही दोन माणसं आता फोनवर एकमेकांना जेवलास का, जेवलीस का विचारतात.

आणि मग डोंगराखालून खरंच बोगदा खणायला घेतला! बोरीवलीहून ठाणे, तिथून मुलुंड हाकेच्या अंतरावर. मामा पेढे घेऊन आमच्याकडे थडकला. "जावईबापू, शेवटी अक्कल आली ना यांना! आता जेवायला ताईकडे आणि वामकुक्षीला बोरीवलीत!" त्याने तिथूनच बहिणीला फोन लावला.

सासूबाईंची इमारत नवी बांधण्यासाठी पाडायला काढली होती. तोवर भाड्याच्या घरात त्यांना जायचं नव्हतं. फोनवरून त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तुझो बोगदो होईसर माझे गुडघे ऱ्हवतले काय रे? मी आता गावाक जातंय. कायमची."

मामा खुर्चीत बसला. मला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "माझंच चुकलं, जावईबापू. गाडीचं नव्हेच ते. पहिली कापडगिरणीच आमच्या गावात निघायला हवी होती. मग बाबा गिरणीत कामाला इथे कशाला आले असते? ताई शेजारच्या वाडीत दिली असती. हाक मारली की आली असती."

तसं झालं असतं तर ही मला भेटलीच नसती. पण ते मी बोललो नाही. म्हटलं, "खरंय, मामा. गावातच निघायला हवी होती."