आईचा क्लोज-अप

"बाळंतपणं ठेव. ते कपाचं तेवढं काढून टाक."

काका हे म्हणाले तेव्हा आई समोरच्या भिंतीवर होती. प्रोजेक्टरवर. अख्खी भिंत भरून तिचा चेहरा. आणि खरी आई वरच्या मजल्यावर, काकूंच्या स्वयंपाकघरात, चहासाठी आलं ठेचत होती. वरचा खलबत्ता खाली ऐकू येत होता.

अमेरिकेतल्या पार्सिपनीत, काकांच्या घराचं बेसमेंट. काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे संस्थापक. निवृत्त डॉक्टर. मंडळाच्या वर्धापनदिनासाठी ज्येष्ठांच्या आठवणींची फिल्म करायची ठरली आणि ते काम माझ्याकडे आलं. दिवसा मी सॉफ्टवेअरची नोकरी करते. कॅमेरा आणि एडिटिंग शिकले ते इथल्याच कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात. हौस म्हणून. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, लाँग शॉटमध्ये माणूस कुठे आहे ते कळतं, मिड शॉटमध्ये तो काय करतोय ते, आणि क्लोज-अपमध्ये त्याला काय वाटतंय ते. म्हणून सगळ्या ज्येष्ठांना मी क्लोज-अपमध्ये घेतलं. काकांनाही. तेव्हा कोणाची हरकत नव्हती.

आई नागपूरहून माझ्याकडे आली होती. आयुष्यभर खेड्यापाड्यांतून सरकारी नर्स म्हणून फिरलेली. "मावशींनाही घे की फिल्ममध्ये!" मंडळाची सेक्रेटरी शिल्पाच म्हणाली होती. घेतलं. आई कॅमेऱ्यासमोर बसली, पदर सारखा केला आणि लेन्सकडे बघून म्हणाली, "जय भीम." मग बोलत सुटली.

"पावसापाण्याचं नदी ओलांडून जात होती मी. बाळ माह्या हातावर रडलं, का घरात पेढे वाटत. मले चहा मात्र गोठ्याच्या कोनाड्यातल्या कपात. कान तुटलेला. पिऊन झाला का मीच धुवाचा आन् तिथंच ठेवाचा. लेकरू याच हातानं काढलं. पण या हाताचा कप त्याईले घरात चालत नव्हता."

हे भिंतीवर चाललं होतं, आणि बेसमेंटमध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सोफ्यावर कमिटी बसलेली. कपाचं काढायला सांगून झाल्यावर काकांनी घसा साफ केला. माझ्याकडे वळले.

"तुमचं मूळचं आडनाव हेच का?"

तुमचं. इतकी वर्षं मी "अगं, तू" होते. "आमची मुलगीच आहे" म्हणून काका पाहुण्यांपुढे मला मिरवत होते. माझं आडनाव त्यांच्यातही असतं, आमच्यातही असतं. त्यांनी आपल्या सोयीनं मला आपल्यात धरून टाकलं होतं. मला कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच वाटली नव्हती. आता वाटली.

"हेच," मी म्हटलं.

"अच्छा."

या एका अच्छामध्ये सगळं आलं. शाळेत बाई जातीच्या स्कॉलरशिपवाल्यांना उभं राहायला सांगायच्या ना, तसंच हे. मी अमेरिकेत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपसमोर बसले होते आणि पुन्हा वर्गात उभी होते.

"पर्सनली घेऊ नको यार," शिल्पा म्हणाली. "पण सेलिब्रेशन आहे ना? फ्लो ब्रेक होतोय. ते जय भीम आणि कप, एवढंच कट कर. बाकी मावशी किती क्यूट बोलल्यात!"

"आपण हे सगळं मागे टाकून इकडे आलो," काका म्हणाले. "इथे कुठली आली जात? आत्ताच करून टाका. पाच मिनिटांचं काम."

आणि मी केलं. का केलं? सवयीनं. मोठ्या माणसानं सांगितलं की हात आपोआप चालतात, म्हणून. जय भीम आणि कपाचं बोलणं कापलं आणि लावून बघितलं. आई "पेढे वाटत" म्हणाली आणि तिची मान एकदम डावीकडे उडाली. मधलं काढलं की असा झटका बसतो. याला जंप कट म्हणतात.

"हे विचित्र दिसतंय," काका म्हणाले.

"वर काहीतरी टाक ना," शिल्पा म्हणाली. "निरांजनाचा शॉट आहे की तुझ्याकडे."

होता. याला कटअवे म्हणतात. आवाज खाली तसाच चालू ठेवायचा, चित्र मात्र दुसरं लावायचं. कापलेली जागा झाकली जाते. यात गैर काहीच नाही, सगळे करतात. काकांचा खोकला मी असाच झाकला होता.

निरांजन लावलं. चालवून बघितलं. आईचा आवाज आणि वर शांत जळणारी ज्योत. झटका नाही. डाग नाही. नदी, बाळ, पेढे. कप कुठेच नाही.

"परफेक्ट!" शिल्पानं टाळी वाजवली.

 मला कळेना की मी कोणाच्या बाजूला बसले आहे. गोठ्यातला कप धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवायचं काम आज मी केलं होतं, आणि तेही इतकं सफाईदार की कोणाला पत्ता लागला नसता.

"काहून कापलं?"

आई जिन्यात उभी होती. हातात चहाचा ट्रे. कधीपासून उभी होती, देव जाणे. शिल्पा उठली, बसली. काका हसले.

"मावशी, बसा ना. वेळ कमी पडतोय हो. सगळ्यांचंच थोडं थोडं कापलंय."

आईनं ट्रे टेबलावर ठेवला. काकांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"मी खोटं बोलली का?"

एवढंच. ना ओरडली, ना रडली. मला तिची लाज वाटते आहे का, हे तिला त्या क्षणी जाणून घ्यायचं होतं. मलाही.

मी निरांजन काढलं. कापलेलं सगळं परत जागेवर बसवलं. भिंतीवर पुन्हा आईचा चेहरा आला. मी आवाज वाढवला आणि सगळ्यांना पहिल्यापासून पुन्हा ऐकवलं. जय भीमपासून कोनाड्यापर्यंत. मध्येच कोणीतरी खोलीतला दिवा लावला. मी थांबवलं नाही.

"हे असंच राहील," मी म्हटलं. "पूर्ण घ्या, नाहीतर घेऊच नका. अर्धी आई मिळणार नाही."

"तू ओव्हररिअॅक्ट करत्येस," शिल्पा म्हणाली.

"करते."

"मग दुसरं कोणीतरी पूर्ण करेल," काका म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं. बरं वाटलं. निदान आता आम्ही दोघं खरं बोलत होतो.

बाकीच्यांचं फुटेज तिथेच दिलं. आईचं घेऊन निघाले. गाडीत आई म्हणाली, "चहा तसाच राहिला पोरी त्याईचा." 

वर्धापनदिनाला फिल्म झाली. लोक भरभरून रडले म्हणे. आई त्यात नव्हती. शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नावही नव्हतं. नंतर शिल्पाचा मेसेज आला, की मनात काही ठेवू नकोस. मनात ठेवलं नाही. कामाला लागले.

आता मी माझी फिल्म करते आहे, इथे आलेल्या आमच्या लोकांची, त्यांना आलेल्या जातीच्या अनुभवांची. कॅरी गावाहून एका बाईंचा फोन आला. बोलायचं आहे, पण चेहरा दाखवू नका म्हणाल्या. क्युपर्टिनो शहरातला एक जण म्हणतो, पाठमोरा घ्या, ऑफिसात कळायला नको. मी घाई करत नाही. चेहरा त्यांचा आहे, कधी दाखवायचा ते त्यांनी ठरवायचं. पण एक अट मी प्रत्येकाला आधीच सांगते. तुम्ही बोललात ते मी गोड करणार नाही.

सुरुवात आईपासून. क्लोज-अप. सलग, मध्ये एकही कट नाही. ती पाणी प्यायला थांबते, तेही ठेवलं आहे. तयार झाली की पहिलं आमंत्रण काकांना जाईल, पुढच्या रांगेतल्या खुर्चीचं. आले तर त्यांच्यासमोर लावेन. नाही आले तर रिकाम्या खुर्चीसमोर लावेन.