डिस्प्लेवर काही नाही

दाजी वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटपर्यंत लिहीत गेलो की मलाच ते पटेनासं होईल.

गल्लीत त्यांना सगळे कोडवाले म्हणायचे. विजेच्या सायकलीच्या हँडलवर एक छोटा डिस्प्ले असतो. त्यावर वेग दिसतो, बॅटरी दिसते आणि गाडीत काही बिघडलं तर एक आकडा लुकलुकतो. तो आकडा म्हणजे कोड. एकवीस म्हणजे चाकाजवळचा सेन्सर, तीस म्हणजे डिस्प्लेचं आणि कंट्रोलरचं बोलणं तुटलं, असे सगळे कोड दाजींना तोंडपाठ होते. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र ते दरवर्षी ताईला विचारायचे.

दुकान दोन खणांचं. पुढच्या खणात दाजी, त्यांचा स्टँड, मल्टिमीटर आणि भिंतीवर आकारानं लावलेले स्क्रूड्रायव्हर. मागच्या खणात मी, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याकडे साध्या सायकली यायच्या. पंक्चर, साखळी, ब्रेकची तार, असली मळकट कामं. दाजींचे हात दिवसभर स्वच्छ असायचे आणि हे मला कधीच आवडलं नाही.

त्यांच्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकानं तक्रार सांगायची नाही. गाडी स्टँडवर चढवायची, बाकावर बसायचं आणि गप्प राहायचं. कोणी "काय होतं माहितीये का..." अशी सुरुवात केली की दाजी हात वर करायचे. "तुम्ही सांगू नका, ती सांगेल." मग ते डिस्प्ले सुरू करायचे आणि बटणं दाबत एकेक सेटिंग उघडायचे. एकदा एक पेटीमास्तर गाडी घेऊन आले. दोन ठिकाणी मोटार बदलून झाली होती, तरी गाडी ओढत नव्हती. दाजींनी टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली, चाक एक फेरा पुढं नेलं, टेपनं अंतर मोजलं आणि हसले. डिस्प्लेमध्ये चाकाचं माप खऱ्यापेक्षा मोठं टाकलेलं होतं. त्यामुळे गाडीला वाटायचं आपण फार जोरात चाललोय, आणि ती मदत आखडती घ्यायची. पाच मिनिटांत काम झालं. मास्तर तक्रारीचा एक शब्दही न बोलता खूश होऊन गेले, आणि दाजींचा नियम आणखी घट्ट झाला.

हा नियम आला त्यांच्या आईकडून. म्हातारीला रोज काहीतरी व्हायचं. सोमवारी छातीत, मंगळवारी पाठीत. दाजींनी तिला किती दवाखान्यांत फिरवलं असेल याला गणती नाही. तपासण्या सगळ्या चोख. म्हातारी अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली, शेवटच्या दिवसापर्यंत कण्हत आणि दोन वेळा व्यवस्थित जेवत. तेव्हापासून माणसानं सांगितलेलं दुखणं दाजींच्या लेखी दुखणंच नव्हतं. कागदावर दाखवा, काट्यावर दाखवा, मग बोलू.

आता ताई. ताई परिचारिका. घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायची. तिच्या गुडघ्यांनी हात टेकल्यावर दाजींनी तिला स्वतः गाडी जुळवून दिली. मागच्या चाकात मोटार, मदतीच्या पाच पायऱ्या. पेडलचा सेन्सर इतका हळवा ठेवला की पाय नुसता फिरला तरी गाडी निघावी. बॅग ठेवून गाडी कलंडू नये म्हणून मजबूत स्टँड बसवला, त्याची पट्टी पेडलच्या खाली घट्ट आवळून. बायकोवर त्यांचा जीव होता, आणि तो असाच स्क्रूनं आवळून दाखवायची त्यांची रीत होती.

पहिल्यांदा ताई बोलली ती चहा पिताना. "अहो, पाण्याच्या टाकीच्या उतारावरून खाली आले ना, की गाडी मला ढकलते. मी पाय थांबवलेला असतो तरी."

दाजींनी कप ठेवला, बाहेर जाऊन डिस्प्ले पाहिला आणि परत आले. "काही नाही. एकही कोड नाही."

"मी सांगतेय ना."

"अगं, उतार आहे. उतारावर सगळंच ढकलतं."

ताई हसली. मीही हसलो, हे कबूल करतो.

दुसऱ्यांदा ती दुकानात आली. आता सपाट रस्त्यावरही झालं होतं, कोपऱ्यावर वळताना. दाजींनी गाडी स्टँडवर घेतली, पेडल हातानं फिरवलं, सोडलं, फिरवलं, सोडलं. मी मोजत होतो, चाळीस वेळा. मोटार दरवेळी शहाण्यासारखी थांबली. दाजींनी मदत पाचव्या पायरीवरून तिसरीवर आणली आणि म्हणाले, "तुझा पाय असतो पेडलवर. दमलीस की तुला कळत नाही."

"माझा पाय कुठं आहे ते मला कळत नाही?"

ती बाकावर बसली नव्हती. नियम फक्त तिनंच कधी पाळला नव्हता. पण त्या दिवशी ती फार वेळ उभी राहिली नाही. बॅग उचलली आणि गेली.

तिसऱ्यांदा तिनं मला सांगितलं, त्यांना नाही. सिग्नलला एक पाय जमिनीवर टेकून उभी होती. गाडी आपल्या आपण हातभर पुढं सरकली. तिनं ब्रेक आवळला, आणि ब्रेक आवळला की मोटारीची वीज तोडायची सोय असते म्हणून गाडी थांबली. "मागून कुणी तरी कमरेत हात घालावा, तसं वाटलं," ती म्हणाली. "तू एकदा बघशील का?" माझ्या मनात पाल चुकचुकली. मी बघतो म्हणालो. पण विजेच्या गाडीला हवा भरण्यापलीकडं हात लावायची मला मुभा नव्हती, आणि दाजींशी वाद घालायचा मला कंटाळा होता. खरं तर भीती होती. दुकान त्यांचं होतं.

मग डिस्प्ले बोलला. बुधवारी ताई चढावर गाडी ढकलत घरी आली, कारण मोटार मदतच करत नव्हती. दाजींनी पाहिलं, तर ब्रेक दाबलेला नसताना डिस्प्लेवर ब्रेकची खूण पेटलेली. ते इतके खूश झाले की विचारू नका. "बघ! हा बिघाड. हा दिसला." ब्रेकच्या दांड्यातला स्विच अडकत होता आणि मोटारीला उगाच गप्प करत होता. नवा स्विच मागवला. तो येईपर्यंत ताईचं काम अडू नये म्हणून दोन्ही ब्रेकांचा कनेक्टर काढून टाकला आणि त्यावर काळी टेप गुंडाळली. खूण विझली. गाडी चढावर पुन्हा धावू लागली.

मी मागच्या खणातून पाहत होतो. म्हणालो, "दाजी, मग आता ब्रेक दाबला तर मोटार थांबणार नाही."

"चाक थांबेल ना. तुझ्या साध्या सायकलींना कुठं मोटार असते?"

"पण ताई म्हणते तसं गाडीनं मधेच ढकललं तर?"

"डिस्प्लेवर आहे का ते?"

मी पुन्हा माझ्या पंक्चरकडं वळलो. ताईला त्यांनी सांगितलं, "दुरुस्त झाली." ती म्हणाली, "ढकलायचंही थांबेल ना?" दाजी म्हणाले, "सगळं चोख आहे." त्या क्षणी मी तीन पावलांवर होतो. तीन पावलं चालून चार शब्द बोलायचे होते. तिचा जीव त्या टेपखाली होता, हे मला कळत होतं. अर्धवट नाही, पुरतं कळत होतं. स्विच आज येईल, उद्या येईल, असं मी रोज स्वतःला सांगत राहिलो. रोज सकाळी ती गाडी काढायची तेव्हा ती वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभा राहायचो, आणि संध्याकाळी तिची घंटा ऐकली की जेवण गोड लागायचं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन आला तो एका भाजीवाल्याचा. ताई सिग्नलला उभी होती, तो म्हणाला. दिवा लाल होता. बाई एका हातानं बॅगेचा पट्टा सारखा करत होत्या आणि गाडी एकदम सुटली. त्यांनी दोन्ही ब्रेक धरले, पाय घासत नेले, तरी गाडी रस्त्यात गेली. दुधाची व्हॅन हिरव्या दिव्यावर येत होती. व्हॅनवाल्याचा काही दोष नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं.

खुबा मोडला, डावा हात दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालता येईल, पण पूर्वीसारखं नाही, आणि लोकांना उचलायचं काम आता विसरायचं.

गाडी टेंपोतून दुकानात आली. पुढचं चाक वाकडं झालं होतं, मागचं धड होतं. दाजींनी ती तोंड भिंतीकडं करून उभी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "बस त्यावर." ताईची बॅग कॅरियरवर बांधली. मी पाय जमिनीवर ठेवून बसलो. पेडलला कुणाचा स्पर्शही नव्हता. "डावीकडं झुक," ते म्हणाले. सिग्नलला उभं राहिल्यावर माणूस झुकतो तसा मी झुकलो, आणि गाडीनं मला भिंतीवर ढकललं. ताईनं सांगितलं होतं अगदी तसं, कमरेतून. दोन्ही ब्रेक आवळले तरी ती रेटतच राहिली, शेवटी मी बॅटरी बंद केली.

दाजी खाली आडवे झाले, टॉर्च मारला. गाडी कलंडू नये म्हणून बसवलेल्या त्या स्टँडच्या पट्टीखाली पेडल सेन्सरची वायर चेपली गेली होती. माणसाचं वजन एका बाजूला पडलं की पट्टी हलायची, वायर जुळायची, तुटायची, जुळायची. गाडीला वाटायचं कुणी पेडल मारतंय. म्हणून कोड नव्हता. डिस्प्लेच्या हिशेबी ताई सायकल चालवत होती. रिकामी गाडी स्टँडवर घेऊन चाळीसच काय, चार हजार वेळा पेडल फिरवलं असतं तरी हे दिसलं नसतं. त्यासाठी तिचं ऐकावं लागलं असतं.

ते बराच वेळ फरशीवरून उठले नाहीत. मला त्यांची दया आली नाही. आज येते, थोडी.

चौथ्या दिवशी ताईला नीट बोलता यायला लागलं. खोलीत आम्ही तिघंच. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, बाहेर कुणीतरी स्ट्रेचर नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. दाजी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "सांग. काय झालं? सगळं सांग, मी ऐकतोय."

ताई छताकडे पाहत थकल्या आवाजात म्हणाली, "माझाच पाय असेल पेडलवर. तुम्ही म्हणत होता ते खरं. मला कळलं नसेल."

मी दाजींकडे पाहिलं. त्यांच्या खिशात ती चेपलेली वायर होती, मी त्यांना ती खिशात घालताना पाहिलं होतं. त्यांचे ओठ हलले. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "असेल. होतं असं."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "ताई, तुझा पाय नव्हता. वायर चेपली होती. आणि ब्रेकनं मोटार थांबायची ती सोय यांनी काढून ठेवली होती. बुधवारी. मी पाहिलं होतं."

दाजींनी खिशावर हात ठेवला. ताईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्याकडून तिची काही अपेक्षा उरली नसावी. तिनं मान हळूहळू माझ्याकडं वळवली, तेवढंही तिला दुखत होतं.

"बुधवारपासून मंगळवारपर्यंत," ती म्हणाली. "रोज सकाळी तूच माझ्या चाकांत हवा भरून देत होतास."